भरल्या ताटावरून उठणारी माणसे

1877 साली दख्खनात दुष्काळ होता. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला रोजी एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतकीच मजुरी मिळे. हजारोंनी कामच सोडले! त्याआधी चारच वर्षे, 1873 साली, लंडनचे डॉक्टर विल्यम गल भरल्या ताटावरून उठणाऱ्या मुलींविषयी बोलत होते. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव त्यांचेच. ठरल्या वेळी थोडे थोडे भरवा, हा त्यांचा उपाय.

या दोन भुकांचा मेळ 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटात लागला. ॲन्सेल कीज यांनी धडधाकट 36 तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते खिन्न, चिडखोर झाले, पाकशास्त्राची पुस्तके चाळीत बसले. जेवण मिळू लागल्यावरही मन ताळ्यावर यायला कित्येक महिने गेले. उपासमार मन बिघडवते, आणि बिघडलेले मन पुन्हा घास नाकारते.

आमच्या अंबडात मुलगी ताट सारू लागली की आधी संकष्टी, मग एकादशी, मग 'नखरे'! रागावून घास उतरत नाही. मास्तरांनी न उघडलेल्या डब्याकडे लक्ष ठेवावे. वजन उतरले, पाळी थांबली, तर डॉक्टर गाठावा. फार दिवसांच्या उपाशाला एकदम पोटभर वाढू नये, जिवावर बेतते. मनाच्या सल्ल्यासाठी 14416 हा सरकारी दूरध्वनी 2022 पासून आहे.