योमरीची मैथिल मावशी

योमरी पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस हमखास म्हणणार, "अरे, हा तर उकडीचा मोदक!" तांदळाच्या पिठाची पारी, आत गोड सारण, वाफेवरची उकड. पण सारणात नारळ नाही. तिथे असतो चाकु, म्हणजे उसाचा रस आटवून केलेला काळपट, चिवट गूळ, आणि सोबत भाजलेले तीळ. पारीला कळ्याही पाडत नाहीत. गोळ्यात बोट खुपसून तो फिरवत फिरवत पोकळ करायचा आणि एका टोकाला शेपटी काढायची. शेपटी जितकी लांब, तितकी थंडी लवकर सरते म्हणे.

योमरी नेपाळमधल्या नेवारांची. २०२१ च्या जनगणनेत नेपाळने १४२ जाती-जमाती मोजल्या. त्यांतले नेवार लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी, पण काठमांडू खोरं मुळात त्यांचं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, भात घरात आल्यावर, ते योमरी पुन्ही साजरी करतात. योमरी आधी धान्याच्या कोठारात ठेवायची आणि मग प्रसाद म्हणून खायची. पनौती गावच्या एका जोडप्याने ती प्रथम केली आणि वेष पालटून आलेल्या कुबेराला खाऊ घातली, ही कथा सगळे सांगतात.

मला मात्र मोदकापेक्षा आणि कुबेरापेक्षाही बगिया जवळची वाटते. मिथिलेतल्या आणि तराईतल्या मैथिल, थारू घरांत तांदळाच्या पिठात गूळ किंवा डाळ भरून ती उकडतात. आता इतिहास पाहा. १३२४ च्या सुमारास तुघलकाच्या फौजेने तिरहुतची, म्हणजे मिथिलेची, राजधानी सिम्रौनगढ मोडली. राजा हरिसिंहदेव डोंगरांकडे पळाला आणि वाटेतच वारला. राणी देवलदेवी मुलासह भक्तपुरात आश्रयाला आली आणि पुढे तिथल्या दरबारात तिचाच शब्द चालू लागला. तिची नात राजल्लदेवी पुढे राजा झालेल्या स्थिति मल्लाला दिली. पुढच्या शतकांत मल्ल राजे मैथिलीत नाटकं लिहीत होते. भाषा डोंगर चढून आली, तर बगिया खालीच राहिली असेल? राण्या एकट्या येत नाहीत. आचारी, दासी, सणवार बरोबर येतात.

(हे तिरहुतचे राजे स्वतःला कर्णाट म्हणवत, म्हणजे मूळ दख्खनचे. त्यांच्याबरोबर आली असं मानली जाणारी मल्लांची कुलदेवता तलेजू भवानी. तुळजाभवानीशी तिचं नातं जोडणारे अभ्यासक आहेत. मोह मलाही होतो, पण नुसत्या नावावर देवी ओळखू नये.)

आक्षेप दोन. एक, तांदूळ पिकतो तिथे अशी उकड कुणालाही सुचेल. खरं आहे, ओडिशाचा मंडा पिठा आहेच. पण शेजारच्या मैदानी प्रदेशातून माणसं आल्याचा पुरावा समोर असताना योगायोगाला पुढची जागा कशाला द्यायची? दुसरा आक्षेप जड आहे. नाव अस्सल नेवारी, 'आवडती रोटी' अशा अर्थाचं, आणि कथा राजवाड्याची नसून पनौतीच्या साध्या घरातली. माझं उत्तर असं: पनौती भक्तपुराहून फार लांब नाही, आणि शेतकऱ्याच्या चुलीवर पोचलेला पदार्थ दरबारी नाव टाकूनच देतो. पुढे नेवारांनी तो असा आपलासा केला, की लहान मुलांच्या सम वर्षांच्या वाढदिवसाला योमरींची माळच गळ्यात पडते. शेपटी मात्र बगियाला नाही, ती नेवारांचीच.