आधी शेजारघर, मग दवाखाना

लोणारचे विवर पाहायला जाताना आमची गाडी मंठ्याला चहासाठी थांबते. मागच्या खेपेस तिथे एका प्राथमिक शिक्षकांनी मला गाठले. मंठा हे जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास अनेक जोडपी ऊसतोडीला जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. "सर, आमच्या वर्गातलं एक लेकरू आजीपाशी राहिलं. मायबाप परत आले, तरी ते कोणाशी बोलंना," ते सांगत होते. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी चारसहा शिक्षकांनी मिळून संस्था काढावी, असा त्यांचा बेत होता. पण मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा, या प्रश्नापाशी सारे अडले होते.

मी खडकांचा अभ्यासक, मनाचा नव्हे. तरी त्या प्रश्नामुळे या कामाचा इतिहास वाचला आणि एक गोष्ट ध्यानात आली: तज्ज्ञ पहिल्या दिवशी कुठेच नव्हता.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात १८८९ मध्ये जेन अॅडम्स व एलन स्टार यांनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत 'हल हाउस' नावाचे घर घेतले आणि त्या तिथेच राहू लागल्या. बालवर्ग, शिवणकाम, वाचन आणि शेजाऱ्यांच्या घरी जाणेयेणे, असे त्याचे स्वरूप होते. वस्तीतली मुले चोरीमारीत सापडत आणि मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोंडली जात. याविरुद्ध ज्या स्त्रिया झगडल्या त्यांत या घरातल्या कार्यकर्त्या होत्या. १८९९ मध्ये तिथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय झाले. पुन्हापुन्हा तीच मुले न्यायालयात का येतात, हे शोधण्यासाठी १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांना नेमण्यात आले. म्हणजे घर आधी आणि डॉक्टर वीस वर्षांनी.

त्या काळी 'वाईट मूल' हे रक्तातच वाईट, असे पुष्कळ विद्वान मानत. हीली यांनी प्रत्येक मुलाची शरीरतपासणी केली, बुद्धिमापन केले आणि घराची, शाळेची, सोबत्यांची माहिती गोळा केली. १९१५ च्या ग्रंथात त्यांनी मांडलेला निष्कर्ष साधा होता: एकच कारण सापडत नाही, अनेक कारणे गुंतलेली असतात. शास्त्रज्ञाला असा निष्कर्ष फारसा आवडत नाही, पण इथे तोच खरा होता. पुढे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरोघर जाणारा समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून मूल समजून घ्यायचे, ही बालमार्गदर्शन केंद्राची पद्धत रूढ झाली. तिच्यातही दोष शिरला. वस्ती सुटली, खुर्ची आली आणि बऱ्याचदा सगळा ठपका आईवर ठेवला जाऊ लागला.

आपल्याकडची सुरुवातही शेजारघरातूनच झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते. मुंबईच्या नागपाडा वस्तीत ते 'नेबरहूड हाउस' चालवीत. १९३६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय तिथे सुरू झाले (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) आणि १९३७ मध्ये या विद्यालयाने भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले. मात्र ही कल्पना दीर्घकाळ मोठ्या शहरांतच राहिली. राज्यातली चार जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नव्हते. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी ठाण्यात आय. पी. एच. ही संस्था काढली आणि रुग्णालयाबाहेर, शाळा-पालकांपर्यंत हा विषय नेला. पण ठाणे म्हणजे मंठा नव्हे, तिथे तज्ज्ञ गावातच मिळतात.

मंठ्यात त्या तिघांपैकी तिसरा माणूस मात्र आधीच हजर आहे. मूल कधीपासून बोलत नाही, घरी बोलते का, जेवते-झोपते का, कोणापाशी रमते, याची नोंद शिक्षक ठेवू शकतो आणि आजीच्या ओट्यावर बसू शकतो. निदान करणे त्याचे काम नव्हे. मूल स्वतःला इजा करील अशी शंका आली किंवा महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर जिल्हा रुग्णालय गाठलेच पाहिजे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा आहे, तिथे फोनवर सल्ला मिळतो.

हे सारे मी त्या शिक्षकांना कळवले. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात, हेही लिहिले. त्यांचे उत्तर आले. सहा नावे जमली आहेत, पाच शिक्षक आणि एक अंगणवाडीताई. सातव्या जागी त्या मुलाच्या आजीला घेतले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.