कोबर्नचं काय झालं?

बाटलीवर अक्षरं दिसतात ‘कॉकबर्न’ची, म्हणायचं मात्र ‘कोबर्न’. रॉबर्ट कोबर्न हा स्कॉटलंडचा वाइन-व्यापारी. वॉटर्लूची लढाई झाली त्याच वर्षी, १८१५ साली, त्यानं पोर्तुगालातल्या पोर्टो शहरात ‘पोर्ट’ या गोड वाइनची पेढी घातली.

पेढीच म्हणायला हवं, कारण ‘शिपर’ म्हणवणाऱ्या अशा व्यापाऱ्यांचा द्राक्षं पिकवण्याशी मुळात फारसा संबंध नव्हता. ते काम दोरू नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं. आंबत्या रसात ब्रँडी ओतली की आंबणं थांबतं, गोडी उरते. मग पिंपं राबेलू होड्यांतून नदीनं खाली जायची, पोर्टोच्या समोरच्या काठावर, विला नोवा द गायाच्या वखारींत. तिथं मुरवायचं, मिसळायचं आणि जहाजात चढवायचं, हा होता शिपरचा धंदा. १७०३च्या मेथुएन तहानं इंग्लंडात पोर्तुगीज वाइनला फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू लागली, आणि इंग्रज पेढ्यांचं फावलं.

पण हा धंदा भांडवल गिळतो. नियमानं वर्षाला साठ्याचा एक तृतीयांशच विकायचा. बाकीचा पैसा पिंपांत निजलेला. विसाव्या शतकात गिऱ्हाईक आटलं तेव्हा घराण्यांना हे पेलेना. १९६२मध्ये ब्रिस्टलच्या हार्वीज या वाइन-पेढीनं कोबर्न विकत घेतलं, आणि पुढे ते एका बड्या मद्यकंपनीकडून दुसरीकडे जात राहिलं. दर तिमाहीला नफा मोजणाऱ्यांच्या हाती वीस-वीस वर्षं मुरणारा माल, ही सोयरीक टिकणारी नव्हतीच. त्यात १९८६मध्ये खोऱ्यातून थेट निर्यातीची मुभा मिळाली आणि गायाच्या वखारींची मक्तेदारी गेली.

शेवटी घेणारं निघालं सिमिंग्टन घराणं. त्यांचा मूळपुरुष अँड्र्यू सिमिंग्टन १८८२मध्ये ग्रॅहमच्या पेढीत नोकरीला आला होता; १९७०मध्ये त्याच्या वंशजांनी ग्रॅहमच विकत घेतली. कोबर्नच्या वखारी आणि मळे त्यांनी २००६मध्ये घेतले, नाव मात्र २०१०मध्ये. मधली चार वर्षं माल एकाचा, नाव दुसऱ्याचं!

इतर जुन्या पोर्ट-पेढ्याही अशाच हात बदलत गेल्या. क्रॉफ्ट २००१पासून टेलर या पेढीकडे आहे. १७९०ची सँडमन २००२पासून सोग्रापे या पोर्तुगीज कंपनीची. तिच्या लेबलावर १९२८ साली चितारलेला काळ्या झग्यातला ‘डॉन’ मात्र आजही उभा आहे.