दहा लाख चित्रे चढवणारा हात

डिसेंबर २०१३. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने फ्लिकर या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक चित्रे खुली केली. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील पुस्तकांतले नकाशे, आकृत्या, व्यंगचित्रे, प्रकरणारंभीची नक्षीदार अक्षरे असे सारे काही त्यांत होते, आणि कोणताही हक्क राखून ठेवलेला नव्हता. मिनिटाला एक या वेगाने, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता एखाद्या माणसाने ती चढवली असती, तर पावणेसहा वर्षे लागली असती. ती चढवली एका प्रोग्रामने.

या कथेची सुरुवात मात्र चित्रांपासून होत नाही. मायक्रोसॉफ्टने लायब्ररीतील सुमारे ६५ हजार खंड स्कॅन केले होते. २००८ मध्ये कंपनीने आपला पुस्तकशोध प्रकल्प गुंडाळला; स्कॅन लायब्ररीकडे राहिले. पानांवरील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर वाचताना आणखी एक नोंद केली होती: पानाच्या कोणत्या भागात अक्षरे नसून चित्र आहे. ही नोंद खरे तर मजकूर वाचण्याच्या कामातले उपउत्पादन. लायब्ररीच्या ‘लॅब्ज’ विभागातील बेन ओस्टीन यांनी नेमकी तीच उचलली आणि प्रोग्रामकरवी चित्रे कापून वेगळी केली. ‘मेकॅनिकल क्युरेटर’ या नावाने त्यांतली चित्रे आधी टंबलरवर दर तासाला एक अशी यदृच्छया झळकू लागली.

पुढचा टप्पा फ्लिकरच्या एपीआयमुळे शक्य झाला. एपीआय म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी ठेवलेला दरवाजा. फ्लिकरने तो आपल्या जन्मवर्षीच, २००४ मध्ये उघडला होता. प्रोग्राम आपली किल्ली दाखवतो, खातेदाराची परवानगी सिद्ध करतो, चित्राची फाइल आणि तिच्यासोबत शीर्षक, वर्णन व टॅग पाठवतो. उत्तरादाखल त्या चित्राचा क्रमांक मिळतो. हा क्रमांक जपून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. चित्र आणि मूळ पुस्तकाचे पान यांना बांधणारा धागा तोच.

धाग्याची गरज भासली, कारण यंत्राला पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पृष्ठ हे सारे ठाऊक होते. चित्रात काय आहे, हे मात्र नाही. दहा लाख चित्रे, आणि घोडा कोणता नि किल्ला कोणता, हे सांगणारा एकही शब्द नाही! इतिहासाच्या अभ्यासकाला ही उणीव मोठी वाटावी. लायब्ररीने ती झाकली नाही, उलट लोकांनाच टॅग लावण्याचे आवाहन केले. ज्या दाराने चित्रे आत गेली, त्याच दाराने लोकांनी लावलेले टॅग प्रोग्रामला परत वाचता येत होते. स्वयंसेवकांच्या श्रमातून ५० हजारांहून अधिक नकाशे हुडकले गेले आणि त्यांना आजच्या नकाशावर बसवण्याचे काम सुरू झाले.

तरीही घर परक्याचे होते. २०१७ मध्ये फोटोबकेटने इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा असंख्य जुन्या पानांवर चित्राच्या जागी केवळ सूचनेची पाटी उरली. फ्लिकरही २०१८ मध्ये याहूकडे राहिले नाही. ते स्मगमगच्या हाती गेले आणि मोफत खात्यांना हजार चित्रांची मर्यादा आली. ‘फ्लिकर कॉमन्स’मधील संस्थांना तिच्यातून वगळले गेले, म्हणून ग्रंथालयांचा ठेवा वाचला. ही मालकाची कृपा होती, ग्रंथालयांचा अधिकार नव्हे.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवरच सायबर हल्ला झाला. संकेतस्थळ, कॅटलॉग, डिजिटल संग्रह सारे बंद पडले. मुख्य कॅटलॉग १५ जानेवारी २०२४ रोजी परतला, तोही केवळ शोधण्या-वाचण्यापुरता. दहा वर्षांपूर्वी चढवलेली ती चित्रे मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर होती.