इंधन-विद्युत् घट व संचायक घटमाला

इंधन-विद्युत् घट व संचायक घटमाला : हायड्रोजनासारखे इंधन व हवेतील ऑक्सिजन यांच्या विक्रियेतून, ज्वलन न घडविता, थेट वीज निर्माण करणाऱ्या साधनास इंधन-विद्युत् घट म्हणतात. संचायक घटात वीज आधी भरून ठेवावी लागते. इंधन-घट मात्र इंधन मिळत राहील तोपर्यंत वीज देत राहतो. या दोन साधनांना प्रतिस्पर्धी मानण्याची रीत दीर्घकाळ होती. वस्तुतः एकाचा दोष दुसऱ्याने भरून काढावा असाच त्यांचा स्वभाव आहे. पण ही गोष्ट व्यवहारात उतरण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

अडचणीचे मूळ घटाच्या गुणधर्मातच आहे. हायड्रोजन-ऑक्सिजन घटाचा सैद्धांतिक विद्युत् दाब सु. १·२३ व्होल्ट असतो. घटातून जसजसा अधिक प्रवाह घ्यावा तसतसा हा दाब घसरत जाऊन ०·७ ते ०·६ व्होल्टपर्यंत येतो. कार्यक्षमता दाबाच्या प्रमाणात असल्याने जास्तीत जास्त शक्ती काढताना इंधनाची नासाडीही अधिक होते. याउलट भार अगदीच कमी असेल, तर हवा पुरविणारा संपीडक व पंप हेच निर्माण झालेल्या विजेचा मोठा वाटा खातात. त्यामुळे संपूर्ण संचाची कमाल कार्यक्षमता (सु. ६०%) पूर्ण शक्तीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास मिळते, पूर्ण भारावर ती ५०% किंवा त्याखाली येते. मागणीला मात्र याच्याशी कर्तव्य नसते. मोटारगाडीला चढावर किंवा वेग घेताना काही सेकंद मोठी शक्ती लागते व एरवी तिचा लहानसा अंश पुरतो. शिवाय मागणी एकाएकी वाढली आणि हवेचा पुरवठा मागे पडला, तर घटातील उत्प्रेरकाला इजा पोहोचते, ती वेगळीच.

असा पेच मराठवाड्याच्या वाचकास अपरिचित नाही. फक्त तेथे तो पाण्याच्या रूपाने आहे. पूर्णा प्रकल्पातील येलदरी धरणाच्या (जि. परभणी) पायथ्याशी प्रत्येकी ७·५ मेगॅवॉटचे तीन जनित्र-संच बसविलेले आहेत. जनित्रे फिरविण्याची वेळ विजेच्या मागणीवरून ठरते, तर कालव्याला पाणी सोडण्याची वेळ पिकांवरून. या दोन वेळा क्वचितच जुळतात. जनित्रांतून सुटलेले पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात अडते आणि कालव्यांना ते तेथून, हवे तेव्हा, मिळते. सिद्धेश्वरचा जलाशय नसता, तर एक तर वीज किंवा शेती यांपैकी एकीला दुसरीच्या वेळापत्रकाने चालावे लागले असते. इंधन-घट आणि भार यांच्यामध्ये संचायक घटमाला हेच काम करते : घटाने आपल्याला मानवेल त्या गतीने चालावे, चढउतार घटमालेने सोसावा.

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये प्लॅटिनमाच्या पट्ट्या वापरून हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून वीज मिळविली. लूटव्हिख मोंट व कार्ल लँगर यांनी १८८९ मध्ये या साधनाला आज रूढ असलेले नाव दिले. व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी १८९४ मध्ये वाफेचे एंजिन कोळशातील बहुतेक ऊर्जा वाया घालविते याकडे लक्ष वेधून भविष्यकाळ इंधन-घटाचा असल्याचे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन तत्त्वतः बिनतोड होते. परंतु त्यामुळे एक अपेक्षाही रुजली असे दिसते : एंजिनाप्रमाणे घटानेही सर्व भार एकट्याने उचलावा. अमेरिकेतील ॲलिस-चॅमर्स कंपनीने १९५९ मध्ये १,००८ घटांवर चालणारा ट्रॅक्टर शेतात चालवून दाखविला. जनरल मोटर्सने १९६६ मध्ये बनविलेल्या ‘इलेक्ट्रोव्हॅन’ या गाडीत ३२ किवॉ. अखंड आणि थोड्या वेळापुरती १६० किवॉ. शक्ती घटांकडूनच मिळविण्याची योजना होती. घट, द्रवरूप वायूंच्या टाक्या व नळ्या यांनी गाडीची जवळजवळ सर्व जागा व्यापली आणि तिचे वजन तीन टनांच्या वर गेले.

या गाडीसाठी घट पुरविणाऱ्या युनियन कार्बाइड कंपनीत काम करणारे कार्ल कॉर्डेश यांनी १९७० मध्ये निराळा मार्ग धरला. ऑस्टिन ए-४० या जुन्या लहान गाडीत त्यांनी केवळ ६ किवॉ.चा इंधन-घट व त्याच्या जोडीला शिसे-अम्ल घटमाला बसविली. हायड्रोजनाची नळकांडी छतावर होती. चढ व वेग यांचा भार घटमाला घेई. गाडी सपाटीवर किंवा उभी असताना इंधन-घट तिला पुन्हा भरून काढी. ही गाडी त्यांनी काही वर्षे सार्वजनिक रस्त्यांवर स्वतः वापरली. प्रयोगशाळेचा थाट तिला नव्हता आणि कदाचित म्हणूनच तिची दखल उशिरा घेतली गेली. या लेखाच्या विषयाचा खरा आरंभ तिच्यापासून धरणे योग्य होय.

अंतराळात ही जोडी थोडी आधीच जमली होती. अपोलो यानातील तीन इंधन-घटांना मोठ्या भाराच्या वेळी रुपे-जस्त घटमालांची जोड मिळे व त्या पुढे इंधन-घटांच्या विजेवर पुन्हा भरल्या जात. एप्रिल १९७० मध्ये अपोलो–१३ वरील ऑक्सिजनाची टाकी फुटून इंधन-घट बंद पडले, तेव्हा पृथ्वीच्या वातावरणात परतताना यानाला याच घटमालांनी वीज पुरविली.

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष उदाहरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (पुणे) केपीआयटी या कंपनीने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशी बनावटीच्या इंधन-घटावर चालणाऱ्या मोटारगाडीची चाचणी घेतली. पाच आसनी विद्युत् गाडीतच सु. १० किवॉ.चा घट-संच बसविला होता. सु. १·७५ किग्रॅ. हायड्रोजन ३५० बार दाबाखाली साठवून, ताशी ६०–६५ किमी. वेगाने सु. २५० किमी. जाता येईल असा अंदाज देण्यात आला. येथे थोडा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. १ किग्रॅ. हायड्रोजनात सु. ३३ किलोवॉट-तास ऊर्जा असते. कार्यक्षमता ५०% धरल्यास एवढ्या साठ्यातून सु. २९ किलोवॉट-तास वीज मिळेल. प्रवासाला चार तास लागतील. म्हणजे सरासरी शक्ती सु. ७ किवॉ. होते. घट लहान दिसतो तो गाडीच्या कमाल शक्तीशी तुलना केल्यामुळे. सरासरी गरजेला तो पुरून उरतो. याच संस्थांच्या सहकार्याने तयार झालेल्या बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच झाले. जपानी टोयोटा कंपनीने २०१४ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘मिराई’ गाडीत मात्र घट-संच ११४ किवॉ.चा, तर घटमाला लहान आहे. तेथे घटमालेचे काम मुख्यतः क्षणिक भार झेलणे व गतिरोधनातून परत मिळणारी ऊर्जा साठविणे हे असते.

घटमाला किती मोठी असावी याचे एकच उत्तर नाही. तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे काही जकात द्यावी लागते. लिथियम-आयन घटमालेत ती १०% पेक्षाही कमी असू शकते, शिसे-अम्ल घटमालेत बरीच अधिक. म्हणून नित्याची वीज घटाकडून थेट भाराकडे जावी आणि फक्त फरकच घटमालेतून फिरावा, अशी नियंत्रणाची मांडणी करतात.

पाण्याचे विद्युत् विच्छेदन करून मिळविलेल्या हायड्रोजनापासून पुन्हा वीज बनविल्यास मूळ विजेचा सु. एकतृतीयांश भागच हाती लागतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली व त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. त्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. दुपारची सौर वीज रात्रीसाठी राखण्यास घटमालाच स्वस्त पडते. हायड्रोजनाचा साठा ऋतू-ऋतूंमधील तफावतीसाठी, म्हणजे पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी धरून ठेवणाऱ्या येलदरीच्या जागी, विचारात घ्यावा लागतो.