सेंट किट्सचे ब्रॅडशॉ

वेस्ट इंडीज म्हटले की आम्हांस क्रिकेटच आठवते. रॉबर्ट ब्रॅडशॉ क्वचित. सेंट किट्सच्या साखर कारखान्यातील यंत्रशाळेत उमेदवारी केलेल्या या कारागिराने १९४० च्या संपानंतर कारखाना सोडला व मजूर संघटनेत प्रवेश केला. १९४८ चा १३ आठवड्यांचा संप त्यांनी लढविला. १९५८ मध्ये ते वेस्ट इंडीज संघराज्याचे अर्थमंत्री, तर १९६७ मध्ये सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विलाचे प्रीमियर झाले. त्याच वर्षी अँग्विलाने त्यांच्या पोलिसांना हुसकावून लावले. मळेवाल्यांशी झुंजलेल्या या पुढाऱ्यास धाकट्या बेटाचे गाऱ्हाणे मात्र ऐकू आले नाही, असे आम्हांस वाटते. १९७८ साली ते निवर्तले, तेव्हाही अँग्विला कागदोपत्री (हा शब्द आम्हां सरकारी नोकरांच्या परिचयाचा!) त्यांच्याच राज्यात होते. ते रीतसर विभक्त झाले १९८० मध्ये.