कापसाचा भाव, मटका आणि गोलांचा आकडा

नांदेडला कापूस, लातूरला तूर. उद्या भाव काय निघेल, हा अंदाज आपण आडतीवर रोजच बांधतो. मुंबईत मात्र कापूस न घेताच न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या त्याच्या ओपन-क्लोज भावावर पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते भाव थांबले. पुढच्या वर्षी कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आला. कापूस गेला, आकडा राहिला.

आता फुटबॉल बघू. 'सामन्यात अडीचपेक्षा जास्त गोल?' तीन झाले की 'हो'च्या पावतीला दहा रुपये, नाहीतर शून्य. ती सहाला विकली गेली, म्हणजे बाजार शक्यता साठ टक्के धरतो. मटक्याचा दर ठरलेला. इथे तो घेणारे-विकणारेच हलवतात.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली. आपला प्रश्न उरतोच: शेतकऱ्याचा अंदाज चुकला तरी माल हाती असतो. इथे काय उरतं?